घर दाखवणारा नेमका कोणाचा माणूस?

पुण्यात किंवा ठाण्यात घर शोधणाऱ्याच्या मोबाइलमध्ये महिन्याभरात चमत्कारिक नावं साठतात. ‘बाणेर ब्रोकर’, ‘टू-बीएचके दाढीवाला’, ‘घोडबंदर उचलू नको’. शनिवार-रविवार साइट बघण्यात जातात, सोमवारपासून फोन सुरू होतात, आणि मग प्रत्येक घरात ऐकू येणारं वाक्य येतं: चांगला एजंटच मिळत नाही हो! तक्रार खोटी नाही. पण तिच्या पोटात काही पक्क्या समजुती असतात, आणि त्या तशाच ठेवल्या तर चांगला एजंट दारात आला तरी ओळखू येत नाही. माझ्या मते चांगला की वाईट हे नंतर बघावं. आधी विचारावं, हा माणूस कोणाचा? त्याला पैसे कोण देणार आणि कधी देणार?

‘आपल्याला काही पडत नाही, पैसे बिल्डर देतो’

बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पात हे वाक्य अक्षरशः खरं असतं, आणि म्हणूनच फसवं असतं. तिथल्या एजंटाला हल्ली चॅनल पार्टनर म्हणतात. तुमचं बुकिंग झालं, करार नोंदला गेला, सुरुवातीचे हप्ते आले की बिल्डर त्याला टक्केवारी देतो. ती प्रत्येक प्रकल्पात वेगळी असते. फ्लॅट पडून राहिले की वाढते, दसरा-दिवाळीला तिच्यावर बक्षिसंही लागतात. हा सगळा खर्च बिल्डरने फ्लॅटच्या किमतीत धरलेला असतो, तेव्हा फुकट काहीच नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, तुम्हाला कोणते चार प्रकल्प दाखवायचे हे ठरताना तुमच्या ऑफिसच्या अंतराइतकाच या टक्केवारीचाही विचार झालेला असतो. यात बेकायदा काही नाही. तो विक्रेत्याचा माणूस आहे आणि विक्रेत्याचं काम करतोय, एवढं आपण विसरू नये.

सेल्स ऑफिसात शिरलात की पाण्याचा ग्लास येण्याआधी फॉर्म येतो किंवा टॅबलेट पुढे होतो. नाव, मोबाइल, बजेट, आणि एक रकाना ‘सोर्स’चा: कोणाकडून कळलं? लगेच ओटीपी येतो. पुष्कळदा तुमचा नंबर तिथे तुमच्या आधीच पोहोचलेला असतो, कारण दोन दिवसांपूर्वी फोनवर ‘सर, फक्त माहिती पाठवतो’ म्हणणाऱ्याने तो नोंदवून टाकलेला असतो. एकदा नंबर असा ‘टॅग’ झाला की पुढचे काही आठवडे तुम्ही त्याचे ग्राहक. नंतर ‘मी थेट आलोय, दलाली वाचली, तेवढी सूट द्या’ म्हणालात तर समोरचा फक्त हसतो. थेट जाऊन घासाघीस करायचीच असेल तर ती नंबर वाटण्याआधी करावी. तेव्हाही प्रत्येक बिल्डर सूट देईलच असं नाही. एका ग्राहकासाठी एजंटांची फळी नाराज करायला तो तयार नसतो.

न्यू जर्सीत घर घेतलेला मावसभाऊ सांगतो की तिकडे खरेदीदाराचा स्वतःचा एजंट असतो. असतो खरा. पण त्याचेही पैसे वर्षानुवर्षं बहुधा विकणाऱ्याच्या बाजूने येत होते. त्यावरून खटले झाले, आणि तिथल्या रिअल्टरांच्या राष्ट्रीय संघटनेने मार्च २०२४ मध्ये ४१ कोटी ८० लाख डॉलर देऊन तडजोड मान्य केली. त्या तडजोडीमुळे १७ ऑगस्ट २०२४ पासून घर दाखवण्याआधी खरेदीदाराशी लेखी करार करणं तिथल्या एजंटांना भाग पडलं. असा कागद आपल्याकडे मागितलात तर एजंट तुमच्याकडे बघतच राहील. पण मागायला बंदी कुठे आहे?

‘रेरा नंबर आहे, म्हणजे खात्रीचा’

रेरा कायदा २०१६चा. तो पूर्णपणे लागू झाला १ मे २०१७ला, आणि त्याच दिवशी महारेराचं काम सुरू झालं. कायद्याच्या कलम ९ प्रमाणे नोंदणीकृत प्रकल्पातले फ्लॅट विकून देणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची आहे. व्याख्या इतकी ऐसपैस आहे की दलाल म्हणा, मध्यस्थ म्हणा, डीलर म्हणा, सगळे तीत येतात. ‘आम्ही फक्त कन्सल्टंट आहोत’ ही पळवाट चालत नाही. महाराष्ट्रात एजंटाचा नंबर इंग्रजी ‘ए’ने सुरू होतो, प्रकल्पाचा ‘पी’ने. व्हिजिटिंग कार्डावर ठळक छापलेला नंबर ‘पी’वाला असेल, तर तो बिल्डरच्या प्रकल्पाचा आहे, कार्ड देणाऱ्याचा नव्हे.

२०२३ मध्ये महारेराने एजंटांना प्रशिक्षण घेऊन परीक्षा देणं आणि प्रमाणपत्र मिळवणं बंधनकारक केलं. मुदती वाढवून झाल्या, तरी अनेकांनी ते मिळवलं नाही, आणि २०२४ मध्ये सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी स्थगित झाली. त्यामुळे जुनं कार्ड बघून समाधान मानू नये. महारेराच्या संकेतस्थळावर एजंटाचं नाव टाकलं की नोंदणी चालू आहे की नाही ते दिसतं. हे करायला पाच मिनिटं पुरतात.

पण नोंदणीतून कळतं ते इतकंच, की या माणसाचं नाव-पत्ता सरकारदरबारी आहे, त्याने परीक्षा दिली आहे आणि गरज पडली तर त्याला गाठता येईल. तो तुमचं हित बघेल, असं कोणतंही सरकारी खातं लिहून देत नाही.

याच्या उलटीही समजूत आहे: नंबर नाही म्हणजे भामटा. कलम ९ नीट वाचलं तर ते बिल्डर विकत असलेल्या नोंदणीकृत प्रकल्पांपुरतंच आहे. कोथरूड-डोंबिवलीतली वीस वर्षांची जुनी सोसायटी, तिथला रिसेल फ्लॅट किंवा भाड्याचं घर, हे व्यवहार त्यात बसत नाहीत. तीस वर्षं एका टपरीएवढ्या गाळ्यात बसून फक्त आपल्या दोन गल्ल्यांतली घरं विकणाऱ्या काकांकडे ‘ए’ नंबर नसेल, आणि तरीही त्या गल्ल्यांबद्दल त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसेल.

नंबरावरून एजंट पारखायचाच असेल तर ‘प्री-लाँच’ हा शब्द ऐकताच पारखावा. ‘अजून रेरा यायचंय, आत्ता दोन लाख भरून ठेवा, नंतर भाव हजाराने चढेल.’ जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि घरं आठपेक्षा जास्त असतील, तर नोंदणीआधी जाहिरात करणं, बुकिंग घेणं, आमंत्रण देणं, सगळं कायद्याने बंद आहे, आणि अशा प्रकल्पातली विक्री जुळवून देणारा एजंट कलम १० मोडत असतो. तो कितीही गोड बोलत असला, कार्डावर नंबर असला, तरी या एका वाक्यात त्याने आपली ओळख करून दिलेली असते.

‘दोन टक्के हा नियमच आहे’

नाही. दलाली किती घ्यावी हे रेराने ठरवलेलं नाही. रिसेलमध्ये दोन्ही बाजूंकडून एक ते दोन टक्के ही रूढी आहे, आणि रूढीवर बोलता येतं. एकच एजंट दोन्ही ‘साईड’ची दलाली घेणार असेल तर जरूर बोलावं.

‘जितके एजंट जास्त, तितकी घरं जास्त’

हा गैरसमज रिसेलमध्ये सर्वांत महाग पडतो. व्हॉट्सअ‍ॅपवर तीन एजंटांनी पाठवलेले फोटो शेजारी ठेवून बघा. त्याच बाल्कनीत तेच वॉशिंग मशीन, त्याच भिंतीवर तोच गणपती, आणि किमती ८२, ८५ आणि ८८ लाख. मालकाने घर एकाला सांगितलेलं असतं. त्याने ते एजंटांच्या ग्रुपवर टाकलेलं असतं, आणि तिथून उचलणारा प्रत्येक जण ‘डायरेक्ट ओनर’ म्हणून पुढे ढकलतो. मधल्या साखळीत दलाली वाटली जाते, म्हणून आकडा फुगतो. शिवाय दहा एजंटांनी चौकशी केली की मालकाला वाटतं घराला मागणी फार आहे, आणि तो भाव धरून बसतो. ती मागणी म्हणजे दहा तोंडांनी बोलणारे तुम्ही एकटेच असता.

यातून आणखी एक लचांड निघतं. एकच फ्लॅट दोघांनी दाखवला आणि व्यवहार झाला, तर दलालीवर दोघेही हक्क सांगतात. म्हणून फ्लॅट बघायला जाण्याआधी इमारतीचं नाव आणि विंग विचारावी, आधी पाहिलेला असेल तर तिथेच सांगावं, आणि कोणी काय दाखवलं ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून ठेवावं.

एका भागासाठी एक, फार तर दोन एजंट पुरतात, पण ते त्या भागात बसणारे हवेत. त्यांना विचारायचा प्रश्न सोपा आहे: या सोसायटीत गेल्या वर्षभरात तुम्ही कोणते व्यवहार केले? उत्तर पडताळताही येतं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. वर्ष, गाव आणि मिळकतीचा क्रमांक टाकला की नोंदलेल्या व्यवहारांची सूची क्रमांक दोन, म्हणजे आपलं इंडेक्स-टू, बघायला मिळतं. शेजारचा फ्लॅट किती रुपयांना नोंदला गेला हे त्यात लिहिलेलं असतं. (रोखीचा भाग त्यात येत नाही, हे तुम्हीआम्ही जाणतोच.) ज्याचं उत्तर या कागदाशी जुळतं आणि जो न विचारता सांगतो की बी विंगच्या वरच्या मजल्यावर गळती आहे आणि मे महिन्यात टँकर लागतो, तो एजंट सोडू नये.

‘कागदपत्रं एजंटने बघितलीत’

व्यवहार झाला तर ज्याला पैसे मिळतात, त्याच्याकडूनच व्यवहार न करण्याची कारणं शोधण्याची अपेक्षा आपण का करतो, हे मला कळत नाही. कागद वकिलाने बघायचे: आधीच्या सर्व करारांची साखळी, शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र, घरावर कर्ज असल्यास बँकेचं पत्र. ‘बँकेने लोन मंजूर केलं म्हणजे टायटल क्लिअर’ हेही अर्धवट. बँकेचा वकील बँकेचे पैसे सुरक्षित आहेत का हे बघतो. पार्किंग खरंच तुमच्या नावावर होणार आहे का, याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं.

सोसायटीच्या बाबतीत तर एजंटांची ऐकीव माहिती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. ‘इथे ट्रान्स्फरचे दोन लाख लागतात, पद्धतच आहे.’ महापालिका हद्दीत हस्तांतरणाच्या अधिमूल्याची कमाल मर्यादा २५ हजार रुपये आहे, आणि ती २००१च्या शासननिर्णयापासून चालत आली आहे. त्यावर ‘स्वेच्छा देणगी’ मागायची प्रथा कमिट्यांची आहे, कायद्याची नव्हे.

टोकन मालकाच्या नावाने द्यावं, बँकेतून द्यावं, आणि कर्ज नामंजूर झालं किंवा कागदात खोट निघाली तर किती दिवसांत परत मिळेल हे त्याच दिवशी लिहून घ्यावं. नव्या प्रकल्पात बिल्डरला करार नोंदण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर एक टक्का टीडीएस कापून भरणं ही खरेदीदाराची जबाबदारी. मालक परदेशात राहणारा असेल तर हा दर कितीतरी जास्त असतो, आणि ‘ते सीए बघून घेईल’ म्हणणाऱ्या एजंटाला नोटीस येत नाही, तुम्हाला येते.

मग एजंट हवाच कशाला? मालकाचा मुलगा बडोद्याला, सून सही करायला तयार नाही, जुन्या कर्जाचे कागद बँकेच्या कुठल्याशा गोदामात, आणि तुमच्या बँकेच्या मंजुरीची मुदत संपत आलेली. अशा वेळी सगळ्यांना एका तारखेला सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात आणून उभं करणं सोपं नसतं. किमतीवरून बैठक फिसकटल्यावर दोघांचाही मान राखून पुन्हा फोन लावणंही वकिलाला जमत नाही. दलाली खरी तिथे वसूल होते.

‘फसवलं तर काय वाकडं करणार?’

नव्या प्रकल्पात एजंटाविरुद्ध महारेराकडे तक्रार करता येते. कलम ९ किंवा १० मोडल्यास दिवसाला १० हजार आणि एकूण घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तो दंड सरकारजमा होतो, आपले पैसे परत हवे असतील तर तशी मागणी वेगळी करावी लागते. रिसेलमध्ये ग्राहक आयोग आहे. पैसे घेऊन दिलेली ती सेवाच, आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही.

दोन्हीकडे पहिली मागणी पावतीची होते. इथेच बहुतेकांचं अडतं, कारण ‘रोख द्या, जीएसटीचे १८ टक्के वाचतील’ हे त्यांनी ऐकलेलं असतं. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या एजंटाला जीएसटी नोंदणी लागत नाही, तेव्हा त्याने १८ टक्के मागायचंच कारण नाही. आणि जो मागतो त्याने नंबर असलेलं बिल दिलं पाहिजे. दलाली बँकेतून द्यावी, आणि एकरकमी देऊ नये: मोठा भाग करार नोंदल्यावर, उरलेला ताबा मिळून सोसायटीत नाव लागल्यावर. बोलणी सुरू होण्याआधी हे ठरवलं तर बहुतेक एजंट कुरकुर करत का होईना, मान्य करतात. सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात अंगठा देऊन जिना उतरताना हा विषय काढला, तर भांडण ठरलेलं.