जालना जिल्ह्याचा पाऊस : 'सरासरी' या शब्दाच्या आत काय दडलंय?

भूगोल किंवा पर्यावरणशास्त्रात पीएच.डी. करायचं म्हटलं की 'माझ्या जिल्ह्यातील पर्जन्यमान' हा विषय हमखास डोक्यात येतो. विषय चांगलाच आहे. पण सिनॉप्सिसमध्ये 'जालना जिल्ह्याचे वार्षिक सरासरी पर्जन्यमान सुमारे ७०० मि.मी. आहे' असं लिहिलं, की पुढे काय? आज या एकाच वाक्याची नीट तपासणी करू.

आधी कारण समजून घ्या

जालना शहर आणि मुंबई यांच्यात सरळ रेषेत सुमारे सव्वातीनशे किलोमीटर अंतर आहे. दोन्ही ठिकाणं उष्ण कटिबंधातली. तरी मुंबईत वर्षाला २,००० मि.मी.च्या वर पाऊस पडतो, महाबळेश्वरला ५,००० च्या वर, आणि जालन्यात ७०० च्या आसपास. असं का?

अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडतात आणि वर चढतात. वर चढणारी हवा थंड होते, बाष्पाचं पाणी होतं आणि कोकणात, घाटमाथ्यावर ते कोसळतं. तीच हवा पूर्वेला उतरताना गरम होते, तिची सापेक्ष आर्द्रता घटते आणि ढग विरळ होतात. हाच पर्जन्यछायेचा प्रदेश. जालना त्याच्या पूर्वेकडच्या भागात येतो.

पण इथेच थांबू नका. मराठवाड्याचा बराचसा पाऊस बंगालच्या उपसागरातून पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे आणि गडगडाटी ढगांमुळे पडतो. म्हणून इथे सप्टेंबरलाही मोठं महत्त्व आहे. गडगडाटी पावसाची खोड आपल्याला माहीत आहे : एका शिवारात धो-धो, शेजारच्या शिवारात कोरडं. सरासरीचा घोळ सुरू होतो तो इथूनच.

एक साधं गणित

समजा, दोन काल्पनिक गावं आहेत. जुलैमध्ये 'अ' गावात ८ दिवस, दर वेळी २० मि.मी. पाऊस झाला. 'ब' गावात एकाच दिवशी १६० मि.मी. कोसळला आणि बाकी महिना कोरडा गेला. बेरीज दोन्हीकडे १६०. तुमच्या एक्सेल शीटमध्ये दोन्ही गावं सारखीच दिसतील. पण 'ब' गावात पाणी वाहून गेलं, माती गेली आणि नंतर कपाशी, सोयाबीन माना टाकून बसले.

त्यातही जमीन बघावी लागते. गोदाकाठची खोल काळी जमीन ओल धरून ठेवते, उत्तरेकडे अजिंठ्याच्या डोंगररांगांकडची उथळ, मुरमाड जमीन लवकर वाळते. खाली बेसाल्ट खडक असल्याने पाणी साठतं ते मुख्यतः त्याच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. त्यामुळे सारखाच खंड दोन्हीकडे सारखा त्रास देत नाही. मोसंबीचं तर आणखी वेगळं : पीक एका वर्षाचं नाही, झाड अनेक वर्षांचं. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या कितीतरी बागा वाळल्या. ते नुकसान एका हंगामाच्या आकड्यात मावत नाही.

मग डेटा कुठला घ्यायचा?

भारतीय हवामान विभागाचा ०.२५ अंशांचा ग्रिड डेटा १९०१ पासून मिळतो. पण त्यातली एक चौकट साधारण २८ बाय २६ किलोमीटरची. जिल्ह्याचं क्षेत्रफळ सुमारे ७,७०० चौ. कि.मी., म्हणजे अख्खा जिल्हा दहा-अकरा चौकटींत आटोपला! याउलट, महसूल मंडळांत बसवलेल्या स्वयंचलित हवामान केंद्रांचा डेटा जास्त बारीक आहे, पण अलीकडचा आहे. हवामानाची सरासरी काढायला साधारण ३० वर्षांची नोंद लागते. म्हणजे पेच असा : जुना डेटा मोठ्या चौकटींचा, बारीक डेटा थोड्या वर्षांचा. यातूनच चांगला संशोधन प्रश्न निघतो.

आणखी एक : जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्यामुळे १९०१ पासूनची 'जालना जिल्ह्याची' मालिका दाखवणार असाल, तर ती आजच्या हद्दीवर बेतलेली आहे की जुन्या नोंदी जोडून केली आहे, हे पद्धतीच्या प्रकरणात स्पष्ट लिहा. व्हायव्हात हा प्रश्न येऊ शकतो.

हे एवढं महत्त्वाचं का?

कारण पीकविम्यात मुख्य पिकांसाठी एकक महसूल मंडळ असतं. अतिवृष्टी ठरवतानाही मंडळात २४ तासांत ६५ मि.मी.चा निकष बघतात. पर्जन्यमापक एका गावात आणि ढगफुटी दुसऱ्या गावात, असं झालं की शेतकऱ्याचं नुकसान खरं असूनही कागदावर दिसत नाही. तुमच्या प्रबंधातून हे अंतर मोजता आलं, तर त्याचा उपयोग थेट गावात होईल.

आता तुमचं काम

एकच तालुका घ्या, समजा भोकरदन किंवा घनसावंगी. जून ते सप्टेंबरचा दैनंदिन पाऊस काढा आणि चार गोष्टी मोजा : एकूण पाऊस, २.५ मि.मी. किंवा त्याहून जास्त पावसाचे दिवस, सर्वांत मोठा कोरडा खंड आणि सर्वांत जोराच्या एका दिवसाचा एकूण पावसातला वाटा. हे दहा वर्षांसाठी करून एका तक्त्यात मांडा. एकूण पाऊस जवळपास सारखा, पण बाकीचे तीन आकडे वेगळे अशी दोन वर्षं सापडली, तर तो तक्ता घेऊनच गाईडकडे जा.