ताणातून आलेलं बळ

बाटल्या फुंकण्याच्या कारखान्यात शिरल्यावर आधी बाटली दिसतच नाही. खोक्यांत भरलेल्या असतात जाड, आखूड, नितळ नळ्या. झाकण बसवायचे आटे तेवढे तोंडाशी तयार असतात. या नळीला प्रीफॉर्म म्हणतात आणि ती पेट या प्लॅस्टिकची असते. पेट म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. त्यांचेच धागे काढले की पॉलिएस्टरचं कापड होतं.

नळीचा नितळपणा कमावलेला असतो. पेटचा दाणा आधी काही तास गरम हवेत वाळवतात, कारण ओल राहिली तर वितळताना पाणीच साखळ्या तोडतं. मग सुमारे २८० अंश सेल्सिअसचा रस थंड पाणी खेळवलेल्या साच्यात शिरतो आणि झटपट थिजतो. साखळ्यांना रांगेत लागायला उसंतच मिळत नाही. त्या गुंत्यातच अडकून पडतात. साचा पुरेसा गार नसेल, तर त्या सावकाश एकमेकींना खेटून बसतात, मोठे स्फटिक वाढतात, आणि माल पांढरा पडतो, ठिसूळ होतो.

खरी करामत पुढे आहे. नळ्या स्वतःभोवती फिरत इन्फ्रारेड दिव्यांसमोरून जातात आणि १०० अंशांच्या आसपास मऊ होतात. साच्याचे दोन भाग मिटतात. पोलादी दांडा आत उतरून नळीला लांबीत ताणतो आणि हवा तिला रुंदीत फुगवते, आधी बेताच्या दाबाने, मग २५ ते ४० बारने. मोटारीच्या टायरात हा दाब दोन-सव्वादोन बार असतो.

या दुहेरी ताणाने साखळ्या सरळ होतात, जवळ येतात. जिथे भिंत आधी पातळ होते तिथे त्या आधी आवळतात आणि तो भाग कडक होतो. मग उरलेला ताण जाड भागाकडे वळतो, त्यामुळे भिंत आपोआप बरीचशी सारखी होते. या लेखातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच. स्फटिक इथेही तयार होतात, पण इतके बारीक की प्रकाश त्यांना अडखळत नाही. बाटली पारदर्शकच राहते, आणि सोड्यातला वायूही सहजी निसटत नाही. ड्युपाँ कंपनीचे अभियंते नथॅनिएल वायेथ यांना अशा बाटलीचं पेटंट १९७३ मध्ये मिळालं.

आटे आणि बुडाचा मधला ठिपका मात्र ताणले जात नाहीत, म्हणून ते जाड ठेवावे लागतात. गरमच भरायच्या फळरसाच्या काही बाटल्यांची मान तर मुद्दाम तापवून पांढरी करतात. नळीतला जो दोष, तोच इथे उष्णता सोसण्याचा उपाय ठरतो.

साध्या पाण्याच्या बाटलीला असं कोणतंच संरक्षण नसतं. साधारण ७५ अंशांपुढे तिच्या ताणलेल्या साखळ्या पुन्हा आखडू लागतात आणि बाटली आक्रसते. तिच्यात उकळतं पाणी किंवा चहा ओतू नका.