डबक्यातला वायतुरा

आपल्याकडे पाण्यातली वनस्पती म्हटलं की जलपर्णीच आठवते आणि आपण नाक मुरडतो. मीही त्यातलीच. ऑगस्टमध्ये ग्रुपबरोबर कास पठारावर गेले होते. फोटोसाठी एका डबक्यात पाय टाकला आणि गाईड ओरडला, "ताई, वायतुरा आहे तिथं!" बुटाशेजारी फिकट गुलाबी तुरा, इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला. नाव त्यावरूनच पडलंय. (आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांनाही पटकन कळणारं मराठी नाव!)

हॉस्टेलवर आल्यावर शोधलं. शास्त्रीय नाव अपोनोजेटॉन सातारेन्सिस. 1982 मध्ये सुंदरराघवन, कुलकर्णी आणि एस. आर. यादव यांनी ही जात जगापुढे आणली. यादव सर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक होते. वायतुऱ्यावर ते थांबले नाहीत. पुढे गोवेकरांबरोबर याच कुळातली आणखी एक जात त्यांनी नोंदवली आणि तिला व्हॅन ब्रुगेन या डच अभ्यासकाचं नाव दिलं. ब्रुगेन यांनी अपोनोजेटॉन अभ्यासले होते.

एवढ्याशा झाडात अवघड काय, असं मलाही वाटलं होतं. पण हे झाड पावसाबरोबर येतं आणि डबकं आटलं की गायब. उशिरा पोचलात तर वर्ष गेलं, आपल्या एटीकेटीसारखं! बरं, आणून कागदात दाबून ठेवावं, तर पाण्याबाहेर पानं-फुलं लगेच मलूल होतात आणि ओल्या टिश्यू पेपरसारखी कागदाला चिकटतात. जात ओळखायची ती फुलाच्या बारीक भागांवरून, आणि तेच दिसेनासे होतात. म्हणून गुडघाभर पाण्यात उतरून जिवंत फूलच बघावं लागतं, नाहीतर कंद आणून टाकीत वाढवावा लागतो.

अशा कामातून 2003 मध्ये यादव सर आणि एस. पी. गायकवाड सर यांनी भारतातल्या सगळ्या अपोनोजेटॉनचा एकत्र आढावा प्रसिद्ध केला. आणि हे गायकवाड सर कुठले? आपल्या सोलापुरातल्या वालचंद कॉलेजचे! 2014 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह नागदवण्याच्या जातकुळीतली एक नवी जात नोंदवली, तिचं नाव क्रायनम सोलापुरेन्स. म्हणजे आपलं गाव लॅटिनमध्येसुद्धा गेलं आणि आम्हाला पत्ताच नाही.

मला धास्ती वाटते ती उन्हाळ्याची. तेव्हा तिथं नुसता कातळ आणि वाळका चिखल दिसतो. गाडी लावायला मोकळी जागा वाटावी असा. कंद त्याच चिखलात असतो.