यूएसबीला ओळख देणारा यूडेव्ह

समजा, शिरूर कासारच्या एखाद्या शाळेने दोन स्वस्त नॅनो मायक्रोकंट्रोलर बोर्ड घेतले. एक कपाशीच्या रानातली ओल मोजणारा, दुसरा हवेचं तापमान. दोन्ही जोडले उबुंटू लिनक्स ही कार्यप्रणाली असलेल्या जुन्या संगणकाला. एकाला टीटीवाययूएसबी० असं नाव मिळालं, दुसऱ्याला टीटीवाययूएसबी१. मध्येच लाइट गेली, आली, आणि ओलीच्या रकान्यात तापमानाचे आकडे पडू लागले! दोष बोर्डांचा नाही. जो आधी दिसला तो शून्य, असा कर्नलचा, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याचा, साधा हिशेब असतो.

ओळख पाहून नाव देणं हे लिनक्समधल्या यूडेव्ह या प्रोग्रॅमचं काम. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी २००३ मध्ये तो पुढे आणला, नंतर के सीव्हर्स यांनी वाढवला. २०१२ मध्ये तो सिस्टिमडी या सेवा सुरू करणाऱ्या नि सांभाळणाऱ्या प्रणालीत विलीन झाला. ते सगळ्यांनाच रुचलं नाही. जेंटू या लिनक्स वितरणवाल्यांनी त्याच वर्षी ईयूडेव्ह नावाने वेगळी चूल मांडली.

उपकरण लावलं की कर्नल घटनेची वर्दी देतो. यूडेव्ह मग उपकरणाचे गुणधर्म वाचतो: निर्मात्याचा क्रमांक, उत्पादनाचा क्रमांक, असला तर अनुक्रमांक. त्यानंतर नियमांच्या फाइली नावाच्या क्रमाने चाळतो. म्हणून तर त्यांच्या नावाआधी आकडे असतात. नियमात बरोबरचं दुहेरी चिन्ह म्हणजे तपासणी, एकेरी म्हणजे नेमणूक. गुणधर्मापुढे चुकून एकेरी पडलं, तर तपासणी राहते बाजूला आणि किंमतच बदलायला जाते.

आपल्या बोर्डांची गोम त्यांची यूएसबी जोडणी सांभाळणाऱ्या सीएच३४० या चिपमध्ये आहे. तिचा निर्माता १ए८६, उत्पादन ७५२३, आणि अनुक्रमांक बहुधा नसतोच. दोन्ही बोर्ड हुबेहूब सारखे! मग ओळख उरते ती कुठल्या पोर्टात खुपसलंय एवढीच. त्या वाटेवरून नियम लिहून ‘रान’ आणि ‘हवा’ अशी कायमची टोपणनावं देता येतात. पोर्टांवर रंगाची खूण मात्र करावी; झाडलोट करताना कुणी वायरी काढून उलट्या लावल्या, की नियमही फसतो.

चिपच्या याच दोन क्रमांकांनी उबुंटू २२.०४ वर अनेकांना घाम फोडला. बोर्ड लावावा, क्षणभर दिसावा, गायब व्हावा. ब्रेल वाचकयंत्रं चालवणाऱ्या बीआरएलटीटीवाय या प्रणालीच्या नियमांत हेच दोन क्रमांक होते, कारण एका ब्रेल यंत्रातही तीच चिप. एकाच सातबाऱ्यावर दोन दावेदार! ‘बीआरएलटीटीवाय काढून टाका’ हा सल्ला तेव्हा सर्रास दिला गेला. तो आंधळेपणाने पाळणं बरं नव्हे. त्याच संगणकावर एखादा दृष्टिहीन विद्यार्थी बसत असेल, तर त्याचा पडदाच गेला. नियमातली ती एक ओळ बंद केली तरी भागतं, त्यासाठी मूळ फाइलीला हात लावायचीही गरज नाही. त्याच नावाची सुधारलेली प्रत ‘ईटीसी’ या फोल्डरमधल्या यूडेव्हच्या नियमांच्या फोल्डरमध्ये ठेवली, की ती मुळावर मात करते.

नियमातून एखादा प्रोग्रॅमही सुरू करता येतो, पण तो झटपट संपणारा हवा. तासन्‌तास नोंदी घेणारा प्रोग्रॅम तिथून सुरू केला, तर यूडेव्ह त्याला मध्येच मारून टाकतो. ते काम सिस्टिमडीच्या सर्व्हिसकडे सोपवावं.

नियम लिहिण्याआधी यूडेव्हअॅडम या यूडेव्हच्याच साधनाची ‘इन्फो’ कमांड चालवून गुणधर्म पाहावेत. ‘मॉनिटर’ चालू ठेवून वायर काढली-लावली, की घटना डोळ्यांसमोर उमटतात. नियम बदलल्यावर ‘रीलोड’ करावं, तरी आधीपासून जोडलेल्या बोर्डाचं नाव आपोआप बदलत नाही. त्याला ‘ट्रिगर’ द्यावा, नाहीतर वायर सरळ उपसून पुन्हा लावावी.