आरशाला बरे-वाईट कळत नाही

गुरुवार हा भोसरी एमआयडीसीचा सुट्टीचा वार. यंत्रे गप्प असतात, म्हणून संगणकाची रखडलेली कामे मी त्या दिवशी काढतो. आमचा कारखाना छोटा, चाकणला जाणारे गाड्यांचे सुटे भाग बनवणारा. पण सीएनसी मशीनचे सारे प्रोग्रॅम आणि ड्रॉइंग एकाच सर्व्हरवर. त्यात दोन डिस्क. एकीवर लिहिले, की लिनक्स तेच दुसरीवरही लिहिते. यालाच मिररिंग म्हणतात. अमेरिकेत बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली डिस्क एकत्र जोडण्याच्या ज्या पद्धती मांडल्या, त्यातली ही पहिली.

गेल्या वर्षी एका सोमवारी त्यातली एक डिस्क गेली. काम मात्र थांबले नाही. माणूस फसतो तो इथेच! सगळे चालू आहे म्हणून तो निर्धास्त राहतो; प्रत्यक्षात सारा कारखाना एका डिस्कवर उभा असतो.

बुधवारी नवी डिस्क आली. मालक तरुण. म्हणाले, "काका, लावून टाका ना!"

"साहेब, आज रात्री आधी बॅकअप घेऊ द्या."

कारण नवी जोडली, की जुनीचा पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक भाग वाचला जातो, अगदी रिकामासुद्धा. कित्येक महिने न वाचलेला एखादा कोपरा खराब असेल, तर तो नेमका तेव्हाच उघडा पडतो. शिवाय दोन्ही डिस्क एकाच दिवशी घेतलेल्या. एक गेली, दुसरीचा काय भरवसा?

गुरुवारी सीरियल नंबर दोनदा ताडून पाहिला. चुकून चांगलीच काढली तर सगळेच संपले. सर्व्हर बंद करून बिघडलेली काढली, नवी बसवली, जुनीसारखेच विभाग पाडले आणि तिला जोडीत घेतले. दोन टेराबाइट, सेकंदाला सुमारे १०० मेगाबाइट. म्हणजे साडेपाच तास. टक्के सरकत होते आणि मी चहावर चहा घेत होतो. शेवटी नवीवर बूटलोडरही टाकला. तो आमच्या मांडणीत आपोआप उतरत नाही. विसरलो असतो, तर जुनी गेल्यावर सर्व्हर सुरूच झाला नसता.

"झाले ना? मग आता बॅकअप कशाला?" मालकांनी विचारले.

मी चाचणीची एक फाइल पुसून दाखवली. क्षणात ती दोन्ही डिस्कवरून गेली. आरसा चूकही तितक्याच इमानाने उतरवतो. मग कालच्या बॅकअपमधून ती परत आणली.

मालक काही बोलले नाहीत. बॅकअपची डिस्क मात्र त्यांनी पिशवीत घातली आणि घरी नेली.