घाटातली बस आणि दूरचे तारे

निर्मलहून आदिलाबादकडे निघालेली बस महबूब घाटात शिरली, की माझी आत्या पुढच्या सीटची दांडी घट्ट धरीत असे. बस डावीकडे वळली की सारी माणसे उजवीकडे कलंडत. "आत्या, आपल्याला कोण ढकलतं?" असे मी लहानपणी विचारले, तेव्हा ती रागाने म्हणाली, "ड्रायव्हर!" पुढे शाळेत 'जडत्वामुळे' हे उत्तर मिळाले. परीक्षेपुरते ते पुरले. पण जडत्व कशामुळे, हे पुस्तकात नव्हते.

हा प्रश्न पोरकट नाही, हे मला डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांच्या कार्याविषयी वाचताना कळले. विश्वाच्या उत्पत्तीसंबंधीच्या त्यांच्या मतांची चर्चा पुष्कळ होते. मला मात्र त्यांचे मोलाचे काम वाटते ते या बसमधल्या धक्क्यासंबंधीचे.

पाण्याने भरलेली बादली दोरीला टांगावी, दोरीला पीळ द्यावा आणि सोडावी. हळूहळू पाणीही फिरू लागते, कडेला चढते आणि मध्ये खळगा पडतो. आता पाणी फिरते ते कशाच्या सापेक्ष? बादलीच्या म्हणावे, तर दोन्ही एकाच वेगाने फिरत असतात तेव्हाच खळगा सर्वांत खोल असतो! न्यूटनने यावर उत्तर दिले की, पाणी निरपेक्ष अवकाशाच्या सापेक्ष फिरते. एकोणिसाव्या शतकात अर्न्स्ट माख यांनी त्यास हरकत घेतली. अवकाश कोणी पाहिले आहे? दिसतात ते दूरचे तारे.

त्यांच्या बाजूने एक विलक्षण गोष्ट आहे. खिडक्या बंद केलेल्या खोलीत लांब लंबक टांगून, त्याच्या झोक्याची दिशा कशी सरकते यावरून पृथ्वीचे फिरणे मोजता येते. ताऱ्यांकडे पाहूनही ते मोजता येते. दोन्ही हिशोब जुळतात. सूर्याच्या मानाने होणारा २४ तासांचा दिवस नव्हे, तर ताऱ्यांच्या मानाने होणारी २३ तास ५६ मिनिटांची फेरी! लंबकाने तारे कधी पाहिलेले नसतात. माख यांना हा योगायोग वाटला नाही. जडत्व ही वस्तूची खाजगी मिळकत नसून बाकीच्या विश्वाशी असलेल्या तिच्या नात्यातून ते येते, असे त्यांचे म्हणणे. आइन्स्टाइन यांना हा विचार फार आवडला होता. पण त्यांच्या समीकरणांत रिकाम्या विश्वातल्या एकट्या कणालाही जडत्व उरतेच.

नारळीकरांनी ही उणीव हेरली. कोल्हापुरात १९३८ मध्ये जन्मलेला, बनारसला शिकलेला हा तरुण केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल यांचा विद्यार्थी होता. १९६४ मध्ये या दोघांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. त्यात कोणत्याही कणाचे वस्तुमान म्हणजे विश्वातील इतर सर्व कणांकडून आलेल्या वाट्यांची बेरीज. बाकीचे विश्व काढून टाका, वस्तुमान शून्य! कण पुष्कळ असले की हीच समीकरणे आइन्स्टाइन यांच्या समीकरणांसारखी होतात, म्हणून रोजच्या व्यवहारात फरक दिसत नाही. शिवाय गुरुत्वाकर्षण ओढतेच, ढकलीत का नाही, याचेही कारण त्यातून निघते. पुढच्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले, तेव्हा वय अवघे २६.

पण शास्त्रात पदकांनी निकाल लागत नाही. केंब्रिजमध्येच संशोधन करणाऱ्या स्टीफन हॉकिंग यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले की, महास्फोटातून प्रसरण पावणाऱ्या विश्वात ही बेरीज अनंत येते. त्याच वर्षी पेंझियस आणि विल्सन यांना सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मलहरींचे प्रारण सापडल्याचे जाहीर झाले, आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाकडे वळले. नारळीकर वळले नाहीत. १९९३ मध्ये हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी सुधारलेला सिद्धांत पुढे आणला. तोही फारसा स्वीकारला गेला नाही. येथे ते हट्टी होते असे कोणी म्हणेल. माझे मत निराळे आहे. महास्फोटवाल्यांना आपले पुरावे पुन्हा पुन्हा तपासायला लावणारा कोणी तरी हवाच होता, आणि माखचा प्रश्न तर आजही पुरता सुटलेला नाही.

हे सारे करीत असताना त्यांनी मराठीत लिहिले, हे आमच्यासारख्या सीमेवरच्या मराठी मुलांवर उपकारच. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने, म्हणजे आपलीच आद्याक्षरे उलटी करून, 'कृष्णविवर' ही कथा पाठवली आणि पहिले बक्षीस मिळवले. त्यांचे 'आकाशाशी जडले नाते' मामांनी मला नांदेडहून आणून दिले; निर्मलमध्ये मराठी पुस्तक तसे सहज मिळत नाही.

२० मे २०२५ रोजी पुण्यात ते गेले. बातमी आली तेव्हा मी घरीच होतो. आत्याने विचारले, "कोण रे हे?" मी तिला घाटातल्या बसची आठवण दिली आणि सगळे समजावून सांगितले. ती सारे ऐकून घेऊन म्हणाली, "म्हणजे ड्रायव्हर नव्हता तर."