आलेखाचा पाया

आकडा खरा असला म्हणजे चित्रही खरेच, असा आपल्या सुशिक्षितांचा समज आहे. वर्गात मी हा समज फळ्यावर खोडून दाखवतो. २०११ च्या जनगणनेत सात वर्षे व त्यावरील लोकांची साक्षरता देशात ७३ टक्के, अनुसूचित जातींत ६६.१ टक्के. स्तंभ शून्यापासून उभारले तर दोन्ही जवळपास सारखे दिसतात. साठपासून उभारले तर आपला स्तंभ निम्म्याहूनही ठेंगणा होतो. आकडे तेच, पाया बदलला. दुसरे चित्र आपल्या बाजूचे वाटले तरी फसवेच आहे, कारण डोळा स्तंभाच्या उंचीचे प्रमाण वाचतो.

आपल्याला अतिशयोक्तीची गरज नाही. स्तंभ फोडण्याची आहे. ६६.१ च्या पोटात पुरुष ७५.२ आणि स्त्रिया ५६.५ आहेत. माझी निरक्षर आई एकसंध स्तंभात दिसतच नाही. शिवाय देशाच्या ७३ मध्ये आपणही मोजलेले आहोत. इतरांशी तुलना केली तर दरी आणखी रुंदावते.

म्हणून आलेख पुढे आला की विचारावे : पाया कुठे? सरासरीखाली कोण झाकले? तुलना कोणाशी? त्यानंतरच मान डोलवावी.